मंगळसूत्र मावशीचं, केस सरकारची

मंडळी, आज मावशीसोबत कोर्टात गेलो होतो. नाशिकरोडला सकाळी फिरताना बाईकवरून आलेल्या एकाने तिचं मंगळसूत्र ओढलं होतं. तो सापडला आणि आज तिची साक्ष होती.

पुकारा झाला तो 'महाराष्ट्र शासन विरुद्ध' आणि पुढे त्या पोराचं नाव. मावशी सरकारी वकिलांना म्हणाली, "माझं नाव घेतलंच नाही."

ते फाईल चाळत म्हणाले, "तक्रार तुमची, पण खटला सरकार चालवतं. तुम्ही साक्षीदार. मीसुद्धा सरकारचा वकील आहे, तुमचा नाही."

"मान माझी सोलली आणि भांडण सरकारचं?" मावशी माझ्याकडे बघून पुटपुटली. मग न्यायाधीशांनी विचारलं तेवढं नीट सांगितलं, पोराला ओळखलंही.

बाहेर जिन्यापाशी त्याची आई उभी होती, सटाण्याकडून एसटीने आलेली. तिने मावशीचा हातच धरला. "ताई, केस मागं घ्या. एकच पोरगं हाय मला."

मला वाटलं, मावशी आता हिला झापणार. ती हळूच म्हणाली, "बाई, केस माझी नाही, सरकारची आहे. माझं तर तिच्यात नावसुद्धा नाही."

रिक्षात मी म्हटलं, "मघाशी तर याच गोष्टीवर चिडली होतीस."

"बरंच आहे रे ते. नाहीतर त्या बाईला 'नाही' मला म्हणावं लागलं असतं."

पण केस तिच्या हातात असती, तर मावशी 'नाही' म्हणाली असती का? मला खात्री नाही. तुम्ही काय म्हणाला असता?