गरम सुई

नव्वदच्या दशकात आमच्या ब्रह्मपुरीत अशक्तपणावर एकच इलाज होता. गरम सुई. कॅल्शियमचं इंजेक्शन शिरेत गेलं की अंगभर ऊब पसरते, घसासुद्धा गरम होतो, आणि माणसाला वाटतं, औषध लागलं. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरनं याच एका सुईवर दुमजली घर उठवलं.

बाबा राइस मिलमध्ये कामाला होते. गालात कायम खर्रा, म्हणजे चुना लावून घोटलेली सुपारी-तंबाखू. त्या उन्हाळ्यात ते एकाएकी खचले. कितीही पाणी प्याले तरी तहान जाईना, पोट साफ होईना. तिखट सोसत नाही म्हणून नुसता पाणीभात खायचे. दिवसभर पडून असायचे आणि उठले की बरळायचे.

आई डॉक्टरला म्हणाली, "यायले काय झालं जी? मले ओळखूनच नाई राह्यले."

"कमजोरी आहे बाई. गरम सुई देतो."

बाबांनी स्वतःच बाही वर सारली. मग सुयाच सुया. बाबा जास्तच भ्रमिष्ट होत गेले, आणि डॉक्टर म्हणायचा, "ताकद याले वेळ लागते."

मी सासरहून आले आणि भांडून त्यांना नागपूरला नेलं. तिथल्या पोरसवदा डॉक्टरनं बॅटरी काढली आणि पहिलं वाक्य बोलला, "बाबा, तोंड उघडा."

तोंड जेमतेम दोन बोटं उघडलं. गालात आतून सडलेली गाठ होती. रक्त तपासून त्यानं समजावलं, की हा कॅन्सर हार्मोनसारखं काहीतरी रक्तात सोडतो, त्यानं हाडांतलं कॅल्शियम सुटून रक्तात येतं. तहान, बद्धकोष्ठ, भ्रम, सगळं त्याचंच.

"आणि वरून कॅल्शियमचीच सुई दिली तर?" मी विचारलं.

"कोणी दिली?" तो खुर्चीतून उठलाच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सलाईन आणि औषधांनी कॅल्शियम उतरलं, आणि एका सकाळी बाबांनी मला ओळखलं. "कवा आली व बाई?" मग हसून म्हणाले, "आपल्या डॉक्टरले सांगजो, सुई लागू पडली म्हणा."

मी रडले ती संतापानं.

कॅन्सर आवाक्याबाहेर गेला होता. दिवाळीच्या आधी बाबा गेले. तेरवीला डॉक्टर आला, पंगतीत बसला आणि आपण किती मेहनत घेतली ते शेजारच्याला सांगू लागला. मी वडे वाढत होते. त्याच्या पानासमोर थांबले.

"डॉक्टर, तोंड उघडा."

आग्रहाचा घास असेल असं समजून त्यानं हसत आ केला.

"बस. माह्या बाबाले तुमी इतकंच म्हणाचं होतं."

त्यानं तोंड मिटलं. मी पुढच्या पानावर वाढायला गेले.