उन्हात वाळवलेले सेल

माझा भाचा हल्ली पॉडकास्ट करतो. परवा जेवताना म्हणाला, "मामा, पॉडकास्ट सुरू केलं ना, की दारं उघडतात. कामाची, ओळखीची, सगळीच." मी भात कालवत राहिलो. अरे बाबा, नव्वदच्या दशकात आम्ही दुसरं काय करत होतो? फक्त त्याला नाव नव्हतं आणि आम्हाला अक्कल नव्हती.

त्या दिवसांचे किस्से इतके साठलेत की जुनी मंडळी जमली की एकाने एक काढायचा आणि दुसऱ्याने तो दुरुस्त करायचा, असं चालतं. आज माझा तेव्हाचा जोडीदार बापू इथे नाही, म्हणजे दुरुस्त करणारा कोणी नाही. तेव्हा सांगून घेतो.

मी नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपच्या स्टोअरला होतो. टेंपररी. बापूचं नगरात कॅसेटचं दुकान होतं. त्याच्याकडे एका कॅसेटवरून दुसरी भरणारा डेक, माझ्याकडे चार सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर. रविवारी मी कोणाची तरी मुलाखत टेप करायची, बापूने कॉप्या काढायच्या आणि टपऱ्या, सलून, जीपवाले यांच्यात वाटायच्या. कार्यक्रमाचं नाव 'बसा, बोलू'.

लोकांना मी सांगायचो की समाजातले अनुभव गोळा करतोय. खरं कारण वेगळं होतं. आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्याच्या एका रिटायर्ड गुरुजींच्या मुलीसाठी माझं स्थळ गेलं होतं. मुलगी सुनंदा, तिथेच बालवाडीत शिकवायची. एका लग्नाच्या पंगतीत तिने मला न मागता दोनदा जिलेबी वाढली होती आणि तेवढ्यावर मी पुढचा सगळा संसार मांडून मोकळा झालो होतो. गुरुजींचं पोस्टकार्ड आलं: 'टेंपररी माणसाला मुलगी देता येत नाही.'

नोकरी टेंपररी म्हटलं असतं तर चाललं असतं हो. माणूसच टेंपररी म्हणाले. ते फार लागलं. मग ठरवलं, नाव करून दाखवायचं. गाता येत नव्हतं, क्रिकेट येत नव्हतं. बोलता येतं असा माझा समज होता.

* * *

पहिली मुलाखत भंडारदऱ्याकडच्या गयाबाईंची. पन्नास वर्षं डोंगरातल्या वाड्यांवर बाळंतपणं केलेली सुईण. मी दोन दिवस खपून प्रश्न लिहिला होता. त्यात डोंगर होता, पाऊस होता, कंदिलाचा उजेड होता, मातृत्व होतं, स्त्रीच्या वेदनेवर चार वाक्यं होती. वाचून संपवायला मला तीन मिनिटं लागली.

गयाबाई शेवटपर्यंत शांतपणे ऐकून म्हणाल्या, "व्हय."

मी वाट बघितली. टेप फिरतेय. शेवटी म्हटलं, "आजी, अजून सांगा ना काही."

"आता म्या काय सांगू? समदं तर तुमीच सांगितलं. तुमी किती बाळंतपनं केली?"

बापूने ही कॅसेट जशीच्या तशी वाटली. म्हणाला, "यातलं तुझं कापलं तर 'व्हय' एवढंच उरतंय."

* * *

आता सेलचं सांगायला हवं. नवे सेल घेणं मला जिवावर यायचं. त्यामुळे उतरलेले सेल मी गच्चीवर पापडांशेजारी उन्हात वाळत घालायचो. ऊन खाल्लं की त्यांच्यात थोडी धुगधुगी यायची. तुम्हीही हे केलंय, उगाच माझ्याकडे बघू नका. भानगड अशी की सेल मध्येच पुन्हा मान टाकायचे, मशीन मंद फिरायचं आणि मंद मशीनवर टेप झालेला आवाज नंतर वाजवला की पळत सुटायचा. बारीक आणि चिरका.

आमचे फोरमन जगताप. सहा फूट उंच, मिशा अशा की शिकाऊ पोरं त्या बघूनच मशीन पुसायला लागायची. त्यांची मुलाखत घेतली. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर कॅसेट लावली. दहा मिनिटं जगताप बोलले. अकराव्या मिनिटाला त्यांच्या जागी एक बाई बोलायला लागली. "मी कोणाच्या बापाला भीत नाही," असं ती बाई म्हणाली, आणि आख्खं वर्कशॉप डब्यात तोंड घालून हसायला लागलं.

मी मनातल्या मनात राजीनामा लिहिला. जगताप उठून मशीनजवळ आले, वाकले, कान लावून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"पुन्हा लाव," म्हणाले.

पुन्हा लावली. आता कोणी हसत नव्हतं.

"माझ्या आईचा आवाज असाच होता," जगताप म्हणाले. "दोन कॉप्या दे. एक बहिणीला पाठवतो."

* * *

ती कॅसेट फिरत फिरत आमच्या मालकांपर्यंत गेली. केबिनमध्ये बोलावणं आलं. मी आत गेलो. मालक म्हणाले, "फोरमनची घेतली, माझी का नाही?"

मग दोन तास त्यांनी सांगितलं. एका जुन्या लेथवर कसं सुरू केलं, पत्र्याच्या शेडमध्ये कसे झोपले, पहिल्या ऑर्डरचा माल बसच्या टपावरून कसा नेला. माझ्याकडे प्रश्न लिहून आणायला वेळच नव्हता, त्यामुळे मी नुसता "मग?" म्हणत होतो. माझी आजवरची सर्वात चांगली मुलाखत ती.

शेवटी मालक खूश होऊन म्हणाले, "तुझ्यात गुण आहे. तू असतोस कुठे? माझ्याकडे येशील का कामाला?"

"सर, मी तुमच्याकडेच आहे. तीन वर्षं झाली. स्टोअरला."

महिन्याभरात परमनंटचं पत्र मिळालं आणि मला पर्चेसला बसवलं. ते पत्र घडी घालून मी वरच्या खिशात ठेवलं. गुरुजींना दाखवायला. पण दाखवणार कसं? एकदा नाही म्हटलेल्या घरात पुन्हा कोणत्या तोंडाने जायचं? नाव करायला निघालेला माणूस मी, एक दार वाजवायची छाती होईना.

* * *

आमचा खरा श्रोता जीपमध्ये होता. अकोले ते भंडारदरा जीप मारणारा सखाराम आमची प्रत्येक कॅसेट लावायचा. एकदा मी त्याच्याशेजारी बसून निघालो होतो, एका कंडक्टरच्या मुलाखतीची कॅसेट चालू होती. राजूरला एक पागोटेवाले बाबा उतरले. गाडी हलली तसे पिशवी सांभाळत मागे पळत आले.

"आरं थांब की. त्या कंडक्टरच्या म्हशीचं फुडं काय झालं?"

सखाराम म्हणाला, "बाबा, हे काय, मुलाखत घेणारंच शेजारी बसलेत. त्यांनाच इचारा."

बाबांनी मला खालून वर न्याहाळलं. "ह्येच व्हय ते? मग ऱ्हाऊ द्या. ह्ये सांगाया बसले तर माझा मुक्काम हितंच व्हायचा."

याच जीपमधून कोणी कोणी जायचं, हे मला काय ठाऊक! आठवड्याने बापूच्या दुकानावर एक पोस्टकार्ड आलं. अक्षर अगदी बालवाडीच्या फळ्यावरचं.

'तुमचा कार्यक्रम जीपमध्ये ऐकते. प्रश्न उत्तरापेक्षा मोठे असतात, ते लहान करावेत. शेवटी शेवटी आवाज चिरका होतो, तरी नवे सेल घालावेत. आमच्या आण्णांनी चाळीस वर्षं डोंगरातल्या शाळांवर काढली. त्यांच्याकडे खूप गोष्टी आहेत. त्यांना कोणी विचारत नाही. सुनंदा, अकोले.'

बापूने ते मोठ्याने वाचलं. मी त्याच्या हातातून घेऊन अकरा वेळा वाचलं. मग जन्मात पहिल्यांदा चार कोरे सेल विकत घेतले.

* * *

गुरुजींचं घर म्हणजे लख्ख सारवलेलं अंगण, चावीचं घड्याळ आणि शिस्त. रेडिओ नाही. म्हणायचे, परक्याची बडबड घरात कशाला? टॉर्चसुद्धा नाही. म्हणायचे, सभ्य माणसाने दिवस मावळायच्या आत घरी यावं. मी नाव सांगितलं. "ऐकल्यासारखं वाटतंय," म्हणाले आणि बसायला सांगितलं.

त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि मी सगळं विसरलो. पावसात नदी ओलांडून शाळेत जाणं, भातलावणीत पोरं गेली की बांधावर बसून पाढे घेणं, पहिली पोरगी सातवी पास झाली तेव्हा तिच्या बापाने आणलेली तांदळाची पिशवी. एका रविवारी आटोपेना. दुसरा गेला, तिसरा गेला. मी फक्त "मग?" म्हणायचो. सुनंदा चहा आणून ठेवायची आणि आत जायची. दाराच्या फटीत तिची सावली मात्र हलायची नाही.

तीन रविवारांत गुरुजींनी माझे कोरे सेल पिऊन टाकले. आणि मी कर्मदरिद्री, चौथ्या रविवारी तेच सेल गच्चीवरून उचलून घेऊन गेलो.

त्या दिवशी गुरुजी निरोपसमारंभापर्यंत आले आणि थांबले. उपरण्याने तोंड पुसलं. "झालं माझं. आता तुझा एक प्रश्न राहिलाय."

"कोणता, गुरुजी?"

"मला काय विचारतोस? दोन वर्षांमागे तुझं स्थळ माझ्याकडे आलं होतं. कागद अजून ट्रंकेत आहे."

माझा हात मशीन बंद करायला गेला.

"चालू राहू दे," गुरुजी म्हणाले. "टेपवर पाहिजे. म्हणजे उद्या तुलाही शब्द फिरवता येणार नाही आणि मलाही."

वरच्या खिशातलं पत्र छातीला टोचत होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे लहान प्रश्न होता. मी घसा साफ केला. "गुरुजी, मी..."

टेपची चाकं हळू झाली. आणखी हळू झाली. थांबली.

मी मशीनला थापट मारली. सेल काढले, धोतराला पुसावेत तसे पँटला पुसले, परत घातले. काही नाही.

गुरुजींनी हात वर केला. "थांब. टेप सुरू झाल्याशिवाय बोलायचं नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व."

रविवार. बाजारातली दुकानं बंद. शेवटची एसटी तासाभरात. माझ्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. सुनंदा बाहेर आली आणि तिने मशीनशेजारी चार सेल ठेवले. कोरे. वरचा कागदसुद्धा काढलेला नव्हता.

गुरुजींनी एक सेल उचलला, उलटसुलट करून बघितला. "सुनंदा, हे आपल्या घरात कुठून आले?"

सुनंदाने मशीनचं मागचं झाकण उघडलं आणि एकेक सेल आत बसवायला घेतला.

"ते मागाहून सांगते, आण्णा. आधी त्यांचा प्रश्न ऐका."