तुयी माय हाय तिच्यात

सिंदी रेल्वेच्या फलाटावर बाबांनी मला दोन वस्तू दिल्या. एक कापडी पिशवी, तिच्यात भाकरी आणि तिळाची चटणी. दुसरी निळ्या प्लास्टिकची चपटी डबी, मायच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. पिशवी त्यांनी बाकावर ठेवली. डबी मात्र हातात दिली, आणि मी ती घट्ट धरल्याचं पाहिल्यावरच स्वतःचा हात काढला. वर्ध्याकडची पॅसेंजर लागली होती. वर्ध्याहून पुण्याची गाडी, पुण्यात नोकरी. बाबा रेल्वेत गँगमन होते, रूळ सांभाळण्यात त्यांचं आयुष्य गेलं. गाडी किती थांबते हे त्यांना कुणी सांगायला नको. तेवढ्यात मावेल एवढंच ते बोलले.

"तिकडं मोठ्या शहरात लागन हे. लावून पाह्यजो. अन् मले सांगजो, तिनं कोनतं गानं म्हटलं त्ये."

सिंदीत राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं पिशवी उचलून निघून गेलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. एरवी मी पत्रकं लिहिते. दिवसा ऑफिसात डेटा एंट्री, संध्याकाळी कंत्राटी कामगारांच्या संघटनेत. पत्रकाला एक पान असतं, एक मागणी असते, आणि त्यात रडायला जागा नसते. हे जरा लांब होईल.

माझी माय जिनिंगमध्ये होती. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांना आमच्याकडे रेचे म्हणतात. माय रेच्यावर कापूस टाकायची. तिथला आवाज असा की शेजारणीच्या कानात ओरडलं तरी पोचत नाही. म्हणून जिनिंगच्या बाया आवाजाच्या नादी लागतच नव्हत्या. त्या ओठांवर बोलत. तोंड नीट उघडून, शब्द सावकाश घडवत, घशातून काहीच न काढता. चहाडी, भांडण, सासूची नक्कल, सगळं ओठांवर. शाळा सुटली की मी डबा घेऊन जिनिंगच्या मोठ्या दारात उभी राहायची. पोरांना आत बंदी होती. माय पार त्या टोकाहून विचारायची, जेवली का? मी इकडून ओठ हलवायची, हो. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं बोलतात.

त्याच आवाजात त्या बाया गायच्यासुद्धा. ऐकणारं कुणी नव्हतं म्हणून मन मोकळं करून गायच्या. त्या सांगत, तुयी माय मनानंच लय बेस गानं जोडते. घरी मात्र तिनं कधी तोंड उघडलं नाही. बाबा तिला म्हणत, घरी काऊन नाई गात? तिचं उत्तर ठरलेलं, "घरी ऐकू येते ना."

सांजच्याला ती परतायची तेव्हा केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर कापसाचं पीस बसलेलं असायचं. बाबांची ड्युटी सुटलेली असली की ते दारात उभे. लांबून ती दिसली की म्हणत, "आली म्हातारी." रोज तेच. ती रोज पदरानं केस झटकायची आणि त्यांच्या अंगावर उडवायची. ते वाक्य आमच्या घरात दिवा लावण्यासारखं होतं. ते म्हटलं गेलं की दिवस संपला.

मग एकदा कॅमेरे घेऊन युरोपातली माणसं आली. कापूस शेतातून कपड्यापर्यंत कसा जातो, यावर त्यांचा पिक्चर होता. मायचं शूटिंग झालं. घरी येऊन तिनं सांगितलं, मी कॅमेऱ्यापुढं गानं म्हटलं. बाबांनी विचारलं, कोनतं? ती हसली. म्हणाली, पिक्चर आला का पाह्यजा.

पिक्चर येण्याआधी ती गेली. खोकला बरेच दिवस होता. दवाखान्याच्या कागदावर दमा लिहिलं. जिनिंगच्या धुळीचं नाव त्या कागदावर कुठंच नव्हतं. माझं पहिलं पत्रक मी त्याच रागातून लिहिलं, वर्ध्याच्या कॉलेजात असताना. तो राग अजून गेलेला नाही आणि जावा अशी माझी इच्छाही नाही.

त्यानंतर टपालानं ती निळी डबी आली. आत त्या पिक्चरची तबकडी. बाबा ती घेऊन बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले, मी सोबत होते. दुकानदारानं ती आत सारली, मशीन जरा घरघरलं आणि थांबलं. तो म्हणाला, काकाजी, रिकामी हाय हे. बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो खुर्चीत मागे सरकला.

"रिकामी कशी असन? तुयी माय हाय तिच्यात," बाबा माझ्याकडे वळून म्हणाले.

दुकानदार खोटं बोलत नव्हता. ती ब्लू-रे होती, डीव्हीडीच्या पुढची जात. डीव्हीडी लावणाऱ्या साध्या ड्राइव्हला ती वाचताच येत नाही. हे मला पुढं कळलं. बाबांनी तबकडी घरी आणली, मायच्या फोटोशेजारी फळीवर ठेवली. रोज फोटो पुसायचे तेव्हा तिलाही पुसायचे. आणि कशानं? कापसानं. कापसासारखं मऊ काय असतं, असा त्यांचा हिशेब. कापसात कचरा राहतो, काडी राहते, हे जिनिंगवालीच्या नवऱ्याला कळायला हवं होतं. पण या तबकडीवर कडक थर दिलेला असतो, म्हणून ती वाचली.

पुण्यात मी जुना कॉम्प्युटर घेतला, मग ब्लू-रेचा ड्राइव्ह. माझी रूममेट तेजू सांगलीची. ती म्हणाली, "अगं, नेटवर सगळं असतंय, तबकड्या कोण लावतं आता?" मी म्हटलं, माझी माय नेटवर नाही. ती स्क्रू पिळायला बसली.

ड्राइव्हनं तबकडी ओळखली. पण ओळखणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. ती दाखवायला निराळा प्रोग्राम लागतो, तो विकत, आणि त्याचं लायसन्स त्या एकाच मशीनला बांधलेलं. घेतला. तर पडद्यावर आलं की ही तबकडी तुमच्या प्रदेशासाठी नाही. तबकड्या काढणाऱ्या कंपन्यांनी जगाचे तीन तुकडे पाडले आहेत. युरोप एका तुकड्यात, आपण दुसऱ्यात. माझी माय सिंदीत जन्मली, सिंदीत राबली, सिंदीतच तिला जाळली. तबकडीच्या लेखी मात्र ती युरोपची, आणि तिची पोरगी परकी. प्रदेश बदलायची सोय त्या प्रोग्राममध्ये होती, तीही मोजक्याच वेळा. मी बदलला. मग त्याला माझा जुना मॉनिटर पसंत पडेना. त्याची केबल जुनी, म्हणे या पडद्यावर भरवसा ठेवता येत नाही, इथून चोरी होऊ शकते. चोरी! धुळीत मास्कविना राबणाऱ्या बाईची मेहनत, तिचा चेहरा, तिचं गाणं फुकटात नेताना कुणाला केबल तपासावी वाटली नाही.

तेजूनं तिचा नवा मॉनिटर उचलून माझ्या टेबलावर ठेवला. रविवारची दुपार होती. तबकडी फिरली आणि चित्र आलं.

इतकं स्वच्छ चित्र मी पाहिलं नव्हतं. आमचं जिनिंग, आमचं दार, हवेत उडणारं पीस सुटं सुटं दिसत होतं. आणि माय. कपाळावरचं गोंदण, वरच्या ओठावरचा घाम, भुवईत अडकलेला कापूस. ती कॅमेऱ्याकडे पाहून गायला लागली, आणि त्याच क्षणी एक गोरा भारदस्त आवाज सुरू झाला. निवेदक. परक्या भाषेत, खाली इंग्रजी अक्षरं. कापसाचा मऊपणा, श्रमाचं संगीत, हसरे हात. त्याच्या बोलण्यामागे रेच्यांची घरघर, आणि मायचा आवाज कुठंच नाही. तिचे ओठ हलताहेत आणि बोलतोय तो. संगीत म्हणे. ज्याचं संगीत त्याचा गळा दाबायचा आणि वर कौतुक करायचं.

मी पुन्हा लावलं. पुन्हा तोच. बाबांना काय सांगायचं होतं मी? की माय सापडली पण तिला बोलू दिलं नाही? रागानं मी स्पीकरची वायर उपटली.

तेव्हा खोलीत शांतता झाली, आणि माय बोलली.

मी दारात उभी होते, डबा हातात, आणि ती पार त्या टोकाला. आवाज नसला की ती मला नेहमीच कळायची. कान देऊन बसल्यामुळे मी तिचे ओठ वाचलेच नव्हते. आता तिचे शब्द मी मोठ्यानं म्हणत गेले, तेजू पाठीमागे उभी राहून ऐकत राहिली. ती एवढंच म्हणाली, "तुमच्या बोलीत आहे गं हे." मी म्हटलं, हो. बोली आमची, ओठ तिचे.

पिक्चरवाल्यांना मी पत्र पाठवलं, पत्रकासारखंच. त्या आवाजाखालचा आवाज द्या. त्यांचं सभ्य उत्तर आलं की मूळ ध्वनी आता ठेवलेला नाही. माझी मागणी तरीही उभी आहे. आमच्या माणसांना टिपून नेणाऱ्यांनी ते आमच्या घरात उघडेल असं परत द्यावं, आणि आमच्या तोंडावर आपलं तोंड ठेवू नये.

फोनवर बाबांना गाणं सांगितलं नाही. लायसन्स त्या एकाच मशीनला बांधलेलं, म्हणून मी अख्खा कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून वर्ध्याच्या गाडीत घेऊन बसले. समोरच्या बाईंनी विचारलं, बाळ आहे का? मी म्हटलं, माय आहे. त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

सिंदीला घरचा टीव्ही जोडला. बाबा खुर्चीत बसले नाहीत, उभेच राहिले, गाडी येताना रुळाच्या कडेला राहतात तसे. मी आवाज बंद ठेवला. माय पडद्यावर आली. बाबांनी हात जोडले, मग खाली घेतले. तिचे ओठ हलायला लागले तशी मी त्यांच्याशेजारी उभी राहून, तिच्याबरोबरीनं एकेक शब्द म्हटला.

"केस माये पांढरे, मले म्हातारी म्हन्ते,
सांजच्याले दारात मायीच वाट पाह्यते."

बाबा टीव्हीच्या जवळ सरकले. मग म्हणाले, "पुन्हा लाव." मी लावलं. दुसऱ्या खेपेला ते तिच्या केसांकडेच पाहत होते. "आता खरंच झाली असती," ते म्हणाले. म्हातारी हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. ती गेल्यापासून तो शब्द आमच्या घरात कुणीच उच्चारला नव्हता.

तो कॉम्प्युटर आता सिंदीतच असतो. बाबा स्वतः लावतात, आवाज बंद ठेवून. जिनिंगच्या काकू येतात, पाहतात, एकमेकींशी ओठांवर बोलतात, आणि बाबा चिडतात की मले काऊन नाई सांगत. पुण्यात माझं भाड्याचं घर आहे, संघटना आहे, तेजू आहे. तिथं मी दिवसभर भांडते आणि मोठ्यानं बोलते, कारण तिथं तसंच बोलावं लागतं. जिथं आवाज न काढता मला समजून घेतात ते घर, असं आता मला वाटतं, आणि ते पत्रकात बसत नाही.

मागच्या वेळी गेले तेव्हा सांज झाली होती. प्रवासाच्या धुळीनं केस भुरे झालेले. बाबा दारात उभे. मला लांबून पाहिलं आणि जरा थांबून म्हणाले, "आली म्हातारी."

मी ओठांवरच म्हटलं, आली. तेवढं त्यांना आता वाचता येतं.