न आटलेला आड

बाळांनो, दिवाळीला तुम्ही याल तोवर आपल्या कॉलनीतला आड राहील की नाही, मला सांगता येत नाही. तो बुजवलाच, तर लोक तुम्हाला सांगतील की आटला होता, म्हणून बुजवला. तो आटलेला नव्हता. हे आत्ताच लिहून ठेवते, कारण वर्षभरात मला सोडून कोणाला ते आठवणार नाही.

जालन्यात नळ रोज येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मधल्या दिवसांसाठी घरोघरी ड्रम भरलेले असतात. गोदावरीचं पाणी केवढ्या लांबून, पंपांनी चढवत, आपल्या दारात आणतात. आणि नळ आला की आपल्या गल्लीत पहिलं काम काय होतं? ड्रममधलं उरलेलं पाणी गटारात ओततात. ते शिळं झालं म्हणून! त्याच नळाचं, झाकून ठेवलेलं, स्वच्छ पाणी. मग ड्रम घासतात, दारात सडा होतो, गाडी धुतात. ड्रम भरून वाहिला तरी नळ चालूच, कारण त्याला तोटी नाही. पुढच्या आठवड्यात हीच माणसं टँकरच्या नावानं आणि नगरपालिकेच्या नावानं ओरडतात.

समोरच्या घरातल्या सुनेला मी एकदा अडवलं. मी शाळेत इंग्रजी शिकवायची, म्हणून गल्लीत सगळे मला बाई म्हणतात.

"ओतू नकोस गं. संडासात वापर."

"बाई, नवं आल्यावर जुनं कशाला ठेवायचं? शिळ्या पाण्याला चव न्हाई राहत."

"संडासाला चव कशाला लागते?"

ती पोट धरून हसली आणि हसत हसत ड्रम आडवा केला.

आता आडाचं. कॉलनीच्या मोकळ्या जागेत, लिंबाखाली, हा दगडी आड आमच्या सगळ्यांच्या घरांच्या आधीपासून आहे. नळ आल्यावर त्याचा दोर गेला. मग लोक त्यात निर्माल्य टाकू लागले. देवाची फुलं कचऱ्यात कशी टाकायची? आडात टाकायची. हार, नारळाच्या शेंड्या, प्लास्टिकच्या पिशवीसकट. आणि मग एके दिवशी कॉलनीच्या बैठकीत ठरलं की आड घाण झालाय, तो मुरूम टाकून बुजवावा आणि वर फरशा बसवून गाड्या लावाव्यात.

मी उभी राहिले. म्हटलं, आड उपसून घेऊ. सगळ्यांच्या छतांचं पावसाचं पाणी खडी-वाळूच्या खड्ड्यातून गाळून त्यात सोडू. तुमचे बोअर उन्हाळ्यात कोरडे पडतात, त्यांनाही झिरपा मिळेल. नळाच्या दिवशी जे ओतून देता, तेही त्याच खड्ड्यात ओता.

आमचे अध्यक्ष म्हणाले, "शिळं पाणी आडात? बाई, आड बाटंल ना."

कोणी हसलं नाही. सगळ्यांनी मान डोलावली. हार सडून आड बाटत नाही, पण पिण्याच्या पाण्याने बाटतो! संतापाने मी बैठक सोडून निघाले. घरी आल्यावर मी आपल्या छताच्या पाइपाला पुढे पाइप जोडून घेतला, आडाशेजारी खडी-वाळूचा खड्डा करून घेतला आणि त्यातून पाणी आडात सोडलं. कोणाला विचारलं नाही.

गेल्या रविवारी मुरुमाची ट्रॉली आली. मी पोचेपर्यंत ती आडात रिकामी झाली होती आणि दुसरी मागे उभी होती. मी घरून प्लास्टिकची खुर्ची आणली आणि काठाशी, ट्रॉलीच्या तोंडासमोर बसले.

अध्यक्ष आले. "बाई, उठा. ऊन व्हायलंय. कोरड्या आडासाठी कशाला जीव आटवून राह्यलात?"

"बैठकीत घाण होता, आता कोरडा झाला? मग बादली सोड. कोरडी आली तर उठते."

तो माझ्या हाताखाली शिकलेला. सगळ्यांसमोर नाही म्हणता येईना. दोर बांधून बादली सोडली. खाली डुबुक आवाज आला, तो सगळ्यांनी ऐकला. बादली भरून वर आली. मुरुमाने गढूळ, आणि वर झेंडूचा एक कुजका हार.

"हे पाणी कोण पिणार, बाई?"

"पिऊ नकोस. गोदावरीचं पाणी तू संडासात ओततोस, त्याच्याऐवजी हे ओत."

मागून ट्रॉलीवाला म्हणाला, "साहेब, बराबर सांगा, टाकू का जाऊ? मला दुसरा फेरा हाये." अध्यक्ष म्हणाले, पुढच्या बैठकीत बघू. ट्रॉली भरलेलीच परत गेली.

बैठक अजून झालेली नाही. काल नळ आला, तेव्हा समोरच्या सुनेने ड्रम पुन्हा गटारातच रिकामा केला. माझ्याकडे पाहून केला.

आड आहे. तळाशी एक ट्रॉली मुरूम आहे, त्याच्यावर पाणी आहे, आणि आपल्या छताचा पाइप अजून त्यात सोडलेला आहे.