बिनगिलाव्याची भिंत

आमच्या ह्यांचा धंदाच असा, की केलेलं काम स्वतःच्या हातानं मोडायचं. सेंट्रिंगचे सुतार. फळ्या ठोकून भिंतीचा साचा उभा करायचा, त्यात काँक्रीट ओतायचं, ते घट्ट झालं की साचा उपटून फेकायचा. लग्न नवं होतं तेव्हा मी म्हटलं, "तुम्ही केलेलं काहीतरी दाखवा की मला." तर एका इमारतीसमोर नेऊन म्हणाले, "ह्याच्या आत आहे." आत काय डोंबल दिसणार? वरून गिलावा आणि त्यावर गुलाबी रंग.

तो गिलावा करायचे माझे धाकटे दीर. भाऊजींच्या थापीला तोड नाही, पण जीभ तिखट. साचा निघाला की भिंतीवरून तळवा फिरवायचे आणि सगळ्यांसमोर सांगायचे, "दादा, इथं माझं दोन दिवसांचं काम आहे." म्हणजे दादाची भिंत तेवढी वाकडी. वर आणखी, "तू बिनधास्त चुका कर, मी आहे ना. झाकली मूठ सव्वा लाखाची." हे हसायचे. मिरच्या मला झोंबायच्या. मीही त्याच साइटवर होते. काँक्रीट चिकटू नये म्हणून फळ्यांना तेल लावायचं काम माझं.

मग तो टॉवर आला. आर्किटेक्ट बाईंनी नकाशा पसरून सांगितलं, "खालपासून शेंड्यापर्यंत नुसतं काँक्रीट. गिलावा नाही, रंग नाही. फळीची रेघ न् रेघ दिसली पाहिजे."

"दिसली पाहिजे?" ह्यांनी दोनदा विचारलं. त्या दिवशी जेवताना घास हातात धरून भिंतीकडे बघत बसले. मी म्हटलं, "भिंत खाणार आहात का?"

टॉवरच्या मालकांना मात्र हे पटत नव्हतं. त्यांचं म्हणणं, इमारत अर्धवट सोडल्यासारखी दिसेल. शेवटी ठरलं, आवारात एक नमुन्याची भिंत ओतायची. आवडली तर बाईंचं खरं, नाहीतर सगळा टॉवर टाइल्सनी मढवायचा. म्हणजे ह्यांचं काम पुन्हा आतच.

साचा निघाला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. वरची भिंत सुरेख, पण तळाशी फळ्यांच्या फटीतून सिमेंटचं पाणी गळून गेलं होतं. खडी उघडी पडलेली, किडक्या दातांसारखी. हे बाईंना सांगायला ऑफिसात गेले, ते दोन तास तिकडेच. मी डबे घासायला नळावर गेले, तिथं ही रांग. तेवढ्यात भाऊजींनी काय करावं? अख्ख्या भिंतीला गिलावा. तोही असा गुळगुळीत, की माशी बसली तर घसरावी.

"वहिनी, दादाची अब्रू वाचवली," ते थापी पुसत म्हणाले. खोटं कशाला बोलू, माणूस मनापासून बोलत होता. जन्मभर त्यांनी दादासाठी हेच केलं होतं. मी कपाळावर हात मारून घेतला.

बाई आणि हे परत आले, आणि त्यांच्या पाठोपाठ मालकही. भिंत बघून मालक खूश. "छान झाली की. मग एवढा वाद कशाला घालत होता?" बाईंचा चेहरा पडला.

हे गप्प राहिले असते तर तिथंच सगळं मिटलं असतं. पण एरवी मूग गिळून बसणारा हा माणूस पुढे झाला. "साहेब, ही भिंत माझी नाही. माझी आत आहे." फळीचा एक तुकडा उचलला आणि ओला गिलावा खरवडायला लागले.

"दादा, वेडा झालास का?" भाऊजी म्हणाले. हे थांबले नाहीत. मग मीही बादली उचलली आणि भिंतीवर पाणी मारलं. इतक्या वर्षांचा राग होता त्या पाण्यात. गिलावा वाहून गेला आणि लाकडाच्या रेघा दिसायला लागल्या, गाठी, एका फळीची चीर, सगळं काँक्रीटात उतरलेलं. आणि तळाशी ती भोकंही.

"ते चुकलं," हे म्हणाले. "फळ्यांच्या कडा नीट बसल्या नाहीत. पण वर बघा. आणखी एक भिंत द्या."

मालकांनी हात फिरवला. एका गाठीवर त्यांचं बोट थांबलं. "एकच," ते म्हणाले. "नंतर मागायची नाही."

भाऊजींनी थापी पिशवीत टाकली. "उघडं पडायची एवढी हौस असेल तर पड," एवढं बोलून गेले, ते दुसऱ्या साइटवरच. घरी येणंही बंद केलं.

दुसऱ्या भिंतीसाठी ह्यांनी प्रत्येक फळीची कड रंध्यानं तासून एकमेकींत खाचेनं बसवली. मला तेल ब्रशनं लावू देईनात, फडक्यानंच लावायचं. शिवाय मागे उभं राहून "इथं जास्त झालं, इथं कमी झालं". मी म्हटलं, "ह्या फळ्यांची एवढी काळजी? माझ्या डोक्याला कधी तेल लावलंत का?" काँक्रीट ओतताना साच्याला कुणाला टेकू दिलं नाही, मालकांनासुद्धा. साचा निघाला तेव्हा एक भोक सापडेना. मालकांनी भिंतीला फेरी मारली, मग दुसरी मारली आणि म्हणाले, "चढवा वर."

टॉवर चढवला. तीच फळी, तोच रंधा, तेच माझं फडकं, आणि खालची माणसं मुंग्यांएवढी होत गेली. बाजारात भाजीवालीसुद्धा मान वर करून बघायची, तेव्हा मी उगाच पदर सारखा करायची.

शेंड्याच्या भिंतीचा साचा काढायच्या दिवशी मी भाऊजींना निरोप धाडला, "वहिनीनं बोलावलंय. नाही आलात तर कान धरून आणीन." आले. पिशवीत थापी होतीच. खाली सगळं शहर पसरलं होतं, तिकडे त्यांनी बघितलंही नाही. सरळ भिंतीपाशी गेले आणि तळवा टेकवला. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, मग खाली बसून तळाशी फिरवला. सगळी माणसं काम सोडून बघत होती.

"दादा," भाऊजी म्हणाले, "इथं माझं काही काम नाही."

हे फळीतले खिळे उपटत होते. हात तसाच राहिला. भाऊजींनीच त्यांना खांद्याला धरून उठवलं आणि भिंतीसमोर आणलं. दोघा भावांचे डोळे भरलेले, आणि माझे तर वाहतच होते, लपवू कशाला?

हे माझ्याकडे वळले. "बघ," म्हणाले, "हे मी केलंय."

मी म्हटलं, "दिसतंय."