बुडालेल्या रानावरची विडी

पुण्याहून सकाळच्या एसटीने निघालो. उजनी धरणाचे पाणी डोळे भरून पाहायचे, पलीकडच्या मित्राकडे माशांवर ताव मारायचा आणि लाँचच्या टोकाला उभे राहून झकास सिगारेट ओढायची, एवढाच बेत होता. इंदापूरच्या स्टँडवर भजी खाल्ली. इतकी तिखट, की पुढे धक्क्यापर्यंत मी कुणाशी बोललो नाही.

लाँचमध्ये माणसे, दोन मोटारसायकली आणि कडब्याच्या (वाळलेल्या ज्वारीच्या ताटांच्या) पेंढ्या खच्चून भरल्या होत्या. वर नवी पाटी: 'विडी-सिगारेट बंद'. मागे एकदा ठिणगीने कडबा पेटला होता म्हणे. माझ्या बेताची वाट लागली.

शेजारच्या पांढऱ्या मिशांच्या आबांनी मात्र पाटीखालीच विडी पेटवली. इंदापुरातून दम्याचे औषध घेऊन त्यांची बायको लेकीकडे निघाली होती. ती नाकाला पदर लावून बसली. लाँचवाल्याने इंजिनच बंद केले.

"आबा, विडी टाका. न्हायतर लाँच हलणार न्हाय."

"ह्या पाण्याखाली माजं रान हाय. माज्या रानात मी विडी वढायची न्हाय व्हय? आन पाटी कुणाला इचारून लावली?"

हा शेवटचा प्रश्न सगळ्यांना झोंबला. इकडची माणसे साखर कारखान्याचे सभासद. ठरावाशिवाय शिंकायचीसुद्धा नाहीत. एका टोपीवाल्याने मोटारसायकलच्या सीटवर थाप मारून सभाच सुरू केली. वयाने मोठे म्हणून अध्यक्ष आबाच. मग बंदीच्या ठरावाला सूचक झाले, अनुमोदक झाले.

"मागल्या बाजूला वढायला परवानगी असावी, अशी उपसूचना हाय."

"मागं डिझेल हाय की वो!"

मी विडीच्या बाजूने हात वर केला, तर बाहेरगावच्याला मत असते का, यावर वेगळी चर्चा झाली.

अखेर मते समसमान पडली. निकाल अध्यक्षांच्या मतावर. आमची बाजू खूश, कारण विडी अध्यक्षांच्याच बोटांत होती. तेवढ्यात त्यांच्या बायकोला खोकल्याची उबळ आली आणि ती थांबेचना. बाई वाकल्या, डोळे पांढरे व्हायची वेळ आली. आबांनी बायकोकडे पाहिले, पाण्याकडे पाहिले आणि विडी पाण्यात टाकली.

"बंदी मंजूर."

टाळ्या पडल्या, इंजिन सुरू झाले. श्वास सापडल्यावर बाई म्हणाल्या, "लगीन झाल्यापासनं घरात सांगतीया. त्याला सभा लागत हुती व्हय?"

आबा पलीकडच्या काठापर्यंत आपल्या रानाकडे पाहत राहिले.

दोन दिवसांनी पुण्याला परतलो. मासे छान होते, पाणीही छान होते. आता घरी बायको खोकायच्या आत मी सिगारेट घेऊन गॅलरीत जातो. आमच्या घरात तिचे एकच मत आहे, आणि ते मोजायची वेळ मी येऊ देत नाही.