टाकीवरचा फोटो

आमच्या मामाच्या अकलेची लोकांना कीव येते, मला चीड येते. ताईला काय येतं ते तर विचारूच नका. घरात सगळे तिला कुकर म्हणतात. वाफ कोंडली की शिट्टी होणार, हे ठरलेलंच.

ताई प्रयोगशाळेत काम करते. माणसाच्या मेंदूत एक प्रथिन असतं, ते जस्त, तांबं, कॅडमियम असे धातू घट्ट पकडून ठेवतं. ताई त्याचं जनुक जिवाणूंमध्ये घालते आणि विषारी कॅडमियम मिसळलेल्या ताटल्यांमध्ये ते जिवाणू तगतात का ते बघते. हे काम तिने हट्टाने मागून घेतलं, कारण आमचे बाबा मामाच्या कारखान्यात बोल्टांवर कॅडमियमचा मुलामा चढवतात. हल्ली त्यांच्या हाताला कंप सुटलाय. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात आणि मदतीला गेलं की हात झटकतात.

प्रयोग साधला त्या दिवशी ताई उड्या मारतच घरी आली. बाबांना फोनवर फोटो दाखवला.

"ही साध्या जिवाणूंची ताटली. सगळे मेले. आणि ही मेंदूतलं प्रथिन दिलेल्यांची. कसे मजेत वाढलेत बघा!"

"म्हणजे हे माझ्याही डोक्यात आहे?"

"आहेच की!" आनंदाच्या भरात ती पुढचं काही बोललीच नाही. बाबांनी फोटो मागून घेतला आणि मामाला पाठवला. घोटाळा झाला तो तिथे.

पुढच्या आठवड्यात बाबा चष्मा घरीच विसरले, म्हणून आम्ही दोघी तो द्यायला कारखान्यात गेलो. बघतो तर बाबा टाकीवर वाकलेले. तोंडाला मास्क नाही, हातात मोजे नाहीत, वाफा थेट नाकात. आणि टाकीवरच्या भिंतीला तोच फोटो, मोठा करून चिकटवलेला! खाली मामाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'घाबरू नका. मेंदू स्वतःची काळजी घेतो.' माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मामाने काचेच्या केबिनचं दार जेमतेम किलकिलं केलं. वाफा आत जायला नकोत ना! "पोरी, तूच तर सिद्ध केलंस. शरीराला सवय होते. दाजी काय कच्चे आहेत का?"

ताईने फोटो टराटरा फाडला.

"सवय? अरे, हे प्रथिन धातू बाहेर फेकत नाही, धरून बसतं! जिवाणूंचं निभावतं, कारण ते सारखे फुटतात. एकाचे दोन, दोनाचे चार. धरलेला धातू पोराबाळांत वाटला जातो. मेंदूतली पेशी अशी फुटत नाही, मामा. तिला तो जन्मभर एकटीलाच सांभाळावा लागतो. आणि तू माझाच फोटो लावून माझ्या बापाला मारतोयस!"

 मामाने हळूच दार लावून घेतलं, निर्लज्ज कुठला.

बाबा मात्र फाटलेल्या तुकड्यांकडे बघत उभे होते.

"मग माझ्यातलं कोण वाटून घेणार गं?" त्यांनी विचारलं.

 ताईने बाबांचा कामाचा झगा काढला, त्यांना खुंटीवरचा शर्ट घातला आणि एकेक बटण लावत गेली. बाबांनी तिचा हात झटकला नाही.